शेंगांची टरफले, केळीची साल आणि पाण्यातले जड धातू

सूरसागरकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. वडोदऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत २६ वर्षे काम करून मी निवृत्त झाले. अजूनही दर वर्षी दिवाळीनंतर दोनतीन विद्यार्थी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येतात आणि त्यांच्या प्रकल्पाचे नाव बहुधा एकाच घाटाचे असते : अमुक झाडाच्या पानांची, सालीची किंवा टरफलांची पूड वापरून पाण्यातले शिसे, कॅडमियम, निकेल किंवा क्रोमियम काढणे. विषय मला मनापासून आवडतो. भरूच-वडोदऱ्याकडे खारीशिंगेच्या धंद्यात दाण्यांची तांबडी साले पोत्यांनी निघतात, केळीच्या बागांत घड उतरल्यावर खांब कुजत पडतात, कपाशीच्या काट्या जाळून टाकल्या जातात. यांतले काही पाणी स्वच्छ करण्याच्या कामी आले, तर त्याहून चांगले काय! पण गेल्या महिन्यात नात्यातल्या एका बाईंनी मला फोनवर आलेला संदेश दाखवला, ज्यात केळीची साल रात्रभर माठात टाकली की पाण्यातले सगळे शिसे निघून जाते, असे छातीठोकपणे लिहिले होते, आणि त्यांनी ते दोन दिवस करूनही पाहिले होते. म्हणून हा धागा काढते आहे.

त्या संदेशाच्या मुळाशी एक खरे संशोधन आहे, हे आधी सांगायला हवे. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी केळीच्या सालीच्या पुडीने पाराना नदीच्या पाण्यातले तांबे आणि शिसे धरून दाखवले. मात्र त्यांचा हेतू पिण्याचे पाणी तयार करण्याचा नव्हता. नदीच्या पाण्यात धातू इतके अल्प असतात की ते उपकरणाला नीट दिसत नाहीत. म्हणून पुष्कळ पाण्यातला धातू थोड्याशा पुडीवर एकवटायचा, तेथून तो थोड्या आम्लात उतरवायचा आणि मग मोजायचा, अशी ती मापनाची युक्ती होती. बातमी होताना मापन गळाले आणि माठ आला.

वनस्पतीचा चोथा धातूला धरतो कसा, हे थोडक्यात सांगते. झाडाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन असते, सालींमध्ये टॅनिनही भरपूर असते. पेक्टिनमध्ये कार्बोक्सिल गट असतात, आणि पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ च्या जितका खाली तितके पाणी अधिक आम्लधर्मी) साधारण ४ ते ५ च्या वर गेला की त्यांतला हायड्रोजन सुटून ते ऋणभारित होतात. शिसे, तांबे, कॅडमियम, निकेल हे पाण्यात धनभारित आयन म्हणून असतात, तेव्हा ते या जागांवर जाऊन बसतात आणि तिथे आधी बसलेले कॅल्शियम, पोटॅशियम किंवा हायड्रोजन पाण्यात उतरतात. म्हणजे हे बऱ्याच अंशी आयनांचे अदलाबदलीचे काम आहे. यालाच आपण अधिशोषण म्हणतो : धातू पुडीच्या पृष्ठभागावर बसतो. तो नष्ट होत नाही. पाण्यात होता, आता पुडीत आहे. आणि पाणी आम्लधर्मी झाले की तो पुन्हा पाण्यात येतो.

आता माझा मुख्य मुद्दा. विद्यार्थ्यांचे अहवाल ‘९६ टक्के शिसे निघाले’ अशा वाक्याने संपतात. समजा, १०० मिलिलिटर पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम या प्रमाणात शिसे होते आणि त्यात १ ग्रॅम पूड घातली. ९६ टक्के गेले, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम उरले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. उरलेले शिसे त्या मर्यादेच्या २०० पट आहे. टक्केवारी ऐकून पाणी पिण्याजोगे झाले असे वाटते, आणि ते पाणी तर मुलाला चमचाभरही देऊ नये असे असते. शिवाय १ ग्रॅम पुडीने प्रत्यक्षात किती धातू धरला? ४.८ मिलिग्रॅम. पूड दुप्पट घातली तर टक्केवारी वाढेल, पण ग्रॅममागे धरलेला धातू घटेल. टक्केवारी अशी पूड ओतून वाढवता येते, म्हणून मी विद्यार्थ्यांना दोनच आकडे आधी विचारते : पाण्यात उरले किती, आणि एका ग्रॅमने धरले किती?

इथे कोणी असे प्रयोग केले असतील, किंवा कारखान्यात असे काही वापरून पाहिले असेल, तर अनुभव अवश्य लिहावेत.

बोरचे पाणी

ताई, आपण फार वेळेवर लिहिलेत. माझे सासर पादरा तालुक्यात आहे. आमच्या शेताच्या बोरचे पाणी काही वर्षांपासून पिवळट येते आणि भांड्यावर डाग पडतात. नंदेसरी-कोयलीकडच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी समुद्राकडे नेणारी वाहिनी आमच्याच भागातून जंबूसरकडे जाते, त्यामुळे घरात सतत धास्ती असते. केळी आमच्याकडे भरपूर. मी साली वाळवून दळून ठेवल्या आहेत आणि त्या कापडाच्या पिशवीत भरून टाकीत सोडण्याचा विचार होता. तुमचे लिखाण वाचून हात थांबला. पूड जास्त घातली आणि दर आठवड्याला बदलली, तरी उपयोग होणार नाही का?

सूरसागरकाठ

कृपा करून टाकीत सोडू नका. त्याची कारणे सविस्तर लिहिते, कारण असा विचार करणारे पुष्कळ जण असतील.

पहिली गोष्ट, तुमच्या पाण्यात कोणता धातू आहे, किंवा आहे की नाही, हेच अजून ठाऊक नाही. पिवळटपणा आणि डाग बहुतेक वेळा लोहामुळे असतात. शिसे, कॅडमियम किंवा निकेल यांना मानकाच्या आसपासच्या प्रमाणात ना रंग असतो, ना चव. म्हणजे पिवळे पाणी या धातूंपासून मुक्त असू शकते आणि काचेसारखे नितळ पाणी दूषित असू शकते. सांडपाण्याची ती वाहिनी १९८३ पासून चालू आहे, सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे आणि पादरा-जंबूसरच्या शेतकऱ्यांच्या तक्रारीही जुन्या आहेत. पण तुमच्या बोरमध्ये काय आहे याचे उत्तर तुमच्याच बोरच्या नमुन्यातून मिळेल.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. आपल्याकडे बोरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे कठीण, असते. समजा, तुमच्या पाण्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि ०.१ मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे मानकाच्या दहापट. वजनाऐवजी आयनांची संख्या मोजली, तर शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे ४ हजार आयन उभे असतात. पुडीवरच्या जागा शिशाला अधिक घट्ट धरतात हे खरे, तरी इतक्या गर्दीत शिशाच्या वाट्याला त्यांतल्या किती जागा येणार? विद्यार्थ्यांचे प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होतात, जिथे ही गर्दीच नसते. प्रयोगशाळेतला आणि विहिरीवरचा निकाल वेगळा पडण्याचे मला दिसलेले सर्वांत मोठे कारण हेच आहे.

तिसरी गोष्ट, साल हे अन्न आहे. ओल्या पिशवीत, आपल्याकडच्या उष्म्यात, ती दोनतीन दिवसांत आंबू लागते. तिच्यातून साखर, रंग आणि टॅनिन पाण्यात उतरतात, जिवाणू वाढतात आणि क्लोरीन घातले असेल तर ते या सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होते. धातूच्या भीतीने टाकीत जुलाबाला आमंत्रण मिळायला नको. दर आठवड्याला बदललेल्या पिशव्या कुठे टाकाल, हाही प्रश्न आहे. पुडीने खरोखर धातू धरला असेल, तर ती उकिरड्यावर किंवा शेणखतात टाकून तो शेतात नेल्यासारखे होईल. आणि धरला नसेल, तर सारा खटाटोप वाया.

तेव्हा आधी तपासणी. एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत विचारा आणि धातूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच घ्या. ती आम्लाने धुतलेली असते, आणि नमुन्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालून पीएच २ च्या खाली ठेवतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून राहतो आणि अहवालात आकडा खोटा कमी दिसतो. बोर पाचदहा मिनिटे चालवून मग नमुना भरा. शिशासाठी कोणत्या उपकरणावर मोजणार, हेही विचारा. साध्या ज्वालेवरच्या अणुशोषण उपकरणाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतके थोडे शिसे खात्रीने दिसत नाही. त्यासाठी ग्रॅफाइट भट्टीचे उपकरण किंवा आयसीपी-एमएस लागते.

रावपुऱ्याचे आजोबा

माझे वय आता ७८ आहे. लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आमची आजी निवळीचे बी माठाच्या आतल्या बाजूला घासत असे आणि तासाभरात पाणी खरोखर निवळत असे. शेवग्याच्या बियांबद्दलही तेच ऐकले आहे. आपले पूर्वज ज्या वस्तू वापरत, त्यांच्यात धातू काढण्याचा गुण नसेल का?

सूरसागरकाठ

काका, निवळीची आठवण काढलीत, फार बरे वाटले. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कतक या नावाने तिचा उल्लेख पाणी प्रसन्न, म्हणजे नितळ, करणारी म्हणून येतो, आणि आपल्या भाषेत तर ‘निवळणे’ हे क्रियापद आणि ‘निवळी’ हे बी अगदी जोडीने नांदतात. सुदानमधल्या बायकाही नाईलचे गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी निवळत आल्या आहेत. हे ज्ञान पक्के आहे.

पण ते काम वेगळे आहे. गढूळ पाण्यात मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणून खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बीमधली धनभारित प्रथिने त्या कणांना एकत्र आणतात, त्यांचे पुंजके होतात आणि साका खाली बसतो. मातीच्या कणांना चिकटलेला धातू त्यांच्याबरोबर खाली जाईलही. विरघळलेला धातू मात्र कण नव्हे. तो मिठासारखा पाण्यात मिसळलेला असतो आणि पाणी निवळले तरी तिथेच राहतो. आपल्या आजींसमोर चिखलाचा प्रश्न होता, आणि त्यांनी त्यावर योग्य तोच उपाय केला. कारखान्यांनी आणलेला प्रश्न त्या काळी माठात नव्हता.

राजवाडा, इंदूर

इंदूरहून वाचतो आहे. भाताच्या तुसाच्या राखेचे घरगुती फिल्टर बाजारात आले होते. ते याच तत्त्वावर चालतात का? ते धातूही काढत असतील, तर आमच्या सोसायटीत घ्यावे असे मनात आहे.

सूरसागरकाठ

टाटा स्वच्छ हे २००९ च्या डिसेंबरात आलेले फिल्टर तुसाच्या राखेचेच होते, पण त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते आणि त्यांचे काम जंतू मारणे हे होते. राख हा त्यात मुख्यतः सच्छिद्र आधार. जड धातूंसाठी घ्यायचे असेल, तर कोणत्याही फिल्टरच्या माहितीपत्रकात त्या त्या धातूचे नाव, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातले प्रमाण आणि किती लिटरपर्यंत हे टिकते, असे तिन्ही लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल, तर धातूंसाठी त्यावर विसंबू नये.

एमएस्सी दुसरे वर्ष

मॅडम, मी सध्या बाभळीच्या सालीने षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) काढण्याचा प्रकल्प करते आहे. पीएच २ वर मला जवळजवळ संपूर्ण क्रोमियम निघालेले दिसते. डायफिनाइलकार्बाझाइड हा रंग आणणारा अभिकारक घालून तो रंग ५४० नॅनोमीटरवर मोजते. अधिशोषणाचे लँगमुइरचे समीकरणही उत्तम जुळते. तुमचे वर लिहिलेले वाचून थोडी अस्वस्थ झाले आहे. माझ्याही आकड्यांत काही उणीव राहिली आहे का?

सूरसागरकाठ

तू विचारलेस हे फार चांगले केलेस, कारण नेमक्या याच जागी मी स्वतः फसले होते, आणि तेही दोन वर्षे.

क्रोमियमचे वागणे शिसे-निकेलपेक्षा उलटे आहे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभारित रूपात असतो. पीएच २ च्या आसपास सालीच्या पृष्ठभागावर हायड्रोजन बसून तो धनभारित होतो आणि क्रोमेटला ओढून घेतो. इथपर्यंत ते अधिशोषणच आहे. पण बाभळीच्या सालीत टॅनिन आणि लिग्निन मुबलक असते, आणि आम्लात हे पदार्थ क्रोमेटला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. त्यामुळे षट्संयुजीचा त्रिसंयुजी क्रोमियम होतो. त्रिसंयुजी धनभारित असतो, पृष्ठभागही आता धनभारित आहे, म्हणून त्यातला बराच भाग पुडीवर न बसता पाण्यातच राहतो. डायफिनाइलकार्बाझाइड मात्र केवळ षट्संयुजीलाच रंग देते. जांभळा रंग दिसेनासा झाला, म्हणून क्रोमियम गेला असे आपण लिहून टाकतो. मीही तसेच लिहीत होते. एका परीक्षकांनी विचारले, ‘एकूण क्रोमियम मोजलात का?’ त्या संध्याकाळी मी उरलेले द्रावण परमँगनेटने तापवून पुन्हा षट्संयुजीत आणले आणि तोच अभिकारक घातला. द्रावण गडद जांभळे झाले. तो रंग मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा तू दोन्ही मोज : षट्संयुजी आणि एकूण. दोघांतला फरक म्हणजे त्रिसंयुजी. तुझा प्रयोग यामुळे वाया जात नाही, उलट त्याला खरा अर्थ येतो. षट्संयुजी रूप त्रिसंयुजीपेक्षा कितीतरी अधिक विषारी आहे आणि कर्करोगकारक आहे, त्यामुळे त्याचे रूपांतर होणे हीही मोठी गोष्ट आहे. रूपांतर झाल्यावर चुन्याने पीएच ८ ते ९ पर्यंत नेला की त्रिसंयुजीचा साका बसतो. कारखान्यांत हेच काम सोडियम मेटाबायसल्फाइटने करतात. बाभळीची साल त्या रसायनाच्या जागी कितपत उभी राहते, किती साल लागते आणि पाण्यात तिचा रंग व सेंद्रिय भार किती उतरतो, ही तुझ्या प्रबंधाची खरी प्रश्नावली होऊ शकते.

एक गोष्ट प्रस्तावनेत लिहिताना जपून लिही. आपल्या गोरव्याकडे क्रोमियमयुक्त घातक कचऱ्याच्या ढिगाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीपर्यंत गेले होते, आणि वडोदऱ्यातले विद्यार्थी त्याचा दाखला देऊन पुढे लिहितात की आमची पूड अशा भूजलावर उपयोगी पडेल. भूजलाचा पीएच ७ ते ८ असतो. पीएच २ वर काम करणारी साल तिथे क्रोमेटला फारसा हात लावत नाही. सगळ्या भूजलात आम्ल ओतणे हा उपाय होऊ शकत नाही.

लँगमुइरविषयी : १९१८ साली त्यांनी ते समीकरण वायूंचा एकच थर एकसारख्या, सपाट पृष्ठभागावर बसतो असे धरून मांडले. सालीची पूड सपाटही नाही आणि एकसारखीही नाही. समीकरण जुळले म्हणजे आत तसेच घडते आहे असे सिद्ध होत नाही. तुझ्या पाण्यात तर रासायनिक रूपांतर चालू आहे. धरण्याची क्षमता सांगायला त्याचा उपयोग कर, यंत्रणा सांगायला करू नकोस.

मकरपुरा प्लेटिंग

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) निकेल प्लेटिंगचे लहान युनिट चालवतो. वडिलांनी सुरू केलेले आहे. माझा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा नाही. आमच्या धुण्याच्या पाण्यातला निकेल आम्ही कॉस्टिक सोडा घालून साक्याच्या रूपात खाली बसवतो आणि वरचे पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवतो. प्रत्येक वेळी निकेल मर्यादेत येईल याची खात्री नसते. शेंगांची टरफले आम्हाला जवळपास फुकट मिळतात. त्यांचा इथे काही उपयोग आहे का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे, कारण आयन-विनिमय रेझिन (आयनांची अदलाबदल करून धातू धरणारे तयार दाणे) परवडत नाही.

सूरसागरकाठ

आपल्या प्रश्नाचे मला विशेष अगत्य वाटते, कारण या पुडींची योग्य जागा मला माठापेक्षा आपल्यासारख्या ठिकाणीच दिसते. हिशेब करून पाहू. समजा, दिवसाला ५०० लिटर धुण्याचे पाणी निघते आणि त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम निकेल आहे. म्हणजे दिवसाला १० ग्रॅम निकेल. पूड ग्रॅममागे १० मिलिग्रॅम धरते असे मानले, तर दिवसाला १ किलो पूड लागेल. वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३०० किलो निकेलयुक्त पूड जमेल. तिचे आपण काय कराल? हा मार्ग परवडणारा नाही.

आता दुसरा मार्ग. आधी साका नीट बसवा. निकेलचा हायड्रॉक्साइड पीएच १० च्या आसपास सर्वांत कमी विरघळतो. पुष्कळ ठिकाणी घाईत पीएच ८ वरच थांबतात आणि निकेल वरच्या पाण्यात राहतो. साका बसल्यावर वरच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम उरले, तर दिवसाला केवळ १ ग्रॅम निकेल पुडीसाठी राहतो. तेवढ्याला सुमारे १०० ग्रॅम पूड, वर्षाला ३० किलो. प्रत्यक्षात पाण्यातले प्रमाण कमी झाले की ग्रॅममागची क्षमताही घटते, म्हणून दुपटीने धरून चाला. तरीही हे आवाक्यातले आहे. अंतर्देशीय जलस्रोतात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकात निकेलची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे, सामायिक केंद्राच्या स्वतःच्या अटी असतील त्या वेगळ्या. पुडीचा स्तंभ अशा वेळी शेवटचा राखणदार म्हणून उभा करावा. साक्याकडून आलेले पाणी पीएच १० चे असेल, ते आधी ६ च्या आसपास आणून मगच स्तंभात सोडायचे, आणि तेही अगदी नितळ करून. साक्याचे कण वाहून आले, तर पीएच उतरताच ते पुन्हा विरघळतात आणि स्तंभावरचा भार वाढतो.

टरफले कच्ची वापरू नका. दळून अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेले दाणे घ्या. फार बारीक पुडीने स्तंभ तुंबतो. गरम पाण्याने रंग जाईपर्यंत धुवा. त्यानंतर लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, द्रावणात भिजवून वाळवायचे आणि सुमारे १२० अंश सेल्सियसवर काही तास तापवायचे. त्या उष्णतेत सायट्रिक आम्ल सेल्युलोजला एस्टर बंधाने जोडले जाते आणि प्रत्येक जोडणीबरोबर नवे कार्बोक्सिल गट मिळतात. ही पद्धत १९९० च्या दशकापासून शेतीच्या चोथ्यांवर वापरून पाहिली गेली आहे, तिच्यामुळे निकेल-तांब्यासाठीची क्षमता खरोखर वाढते. शेवटी सौम्य सोड्याने धुवून सोडियम रूपात आणा.

एक अडचण आधीच सांगते. आपले काम विजेवरच्या साध्या निकेल बाथचे असेल तर वरील सारे लागू आहे. विजेशिवायच्या निकेल प्लेटिंगमध्ये मात्र सायट्रेट, अमोनिया अशी द्रव्ये निकेलला आधीच घट्ट पकडून ठेवतात. तिथे साकाही नीट बसत नाही आणि पूडही हात टेकते.

मकरपुरा प्लेटिंग

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आमचे विजेवरचेच आहे. पीएच आम्ही साडेआठच्या आसपास ठेवत होतो, हे कबूल करतो. स्तंभ भरला हे कळणार कसे? आणि भरलेल्या पुडीचे काय करायचे?

सूरसागरकाठ

दोन स्तंभ एकापाठोपाठ लावा आणि दोघांच्या मधोमध नमुन्याची तोटी ठेवा. पहिल्यातून निकेल डोकावू लागला की दुसरा अजून पाणी सांभाळत असतो. मग पहिला काढायचा, दुसरा पुढे आणायचा आणि ताजा मागे लावायचा. तोटीच्या पाण्यात डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि थोडे अमोनिया घातले की निकेलचा गुलाबी-लाल साका दिसतो. काटेकोर मापनासाठी नव्हे, पण रोजच्या नजरेसाठी ही कसोटी कामगारालाही शिकवता येते.

भरलेली पूड ०.१ मोलर, म्हणजे सौम्य, आम्लाने धुतली की निकेल थोड्या पाण्यात एकवटून उतरतो. ते आम्ल आपल्या साक्याच्या टाकीतच परत घालता येईल. पूड सोड्याने धुवून पुन्हा वापरता येते. प्रत्येक फेरीत ती थोडी झिजते, थोडी क्षमता गमावते. निकामी झालेली पूड आणि निकेलचा साका हे दोन्ही घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत स्थळीच जायला हवेत. भट्टीत जाळून राख केली तर निकेल राखेत राहतो, आणि ती राख वाऱ्यावर गेली तर शेजारच्या शेडमधल्या माणसांच्या छातीत. बॉयलरमध्ये तर मुळीच टाकू नका.

आणि या सर्वांआधी एक बिनखर्ची काम : वस्तू बाथमधून काढल्यावर धुण्याच्या टाकीत जाण्यापूर्वी १५-२० सेकंद बाथवरच निथळू द्या. पाण्यात जाणारा निकेल तिथेच बराच घटतो आणि आपले विकत घेतलेले निकेल आपल्याच बाथमध्ये राहते.

एमएस्सी दुसरे वर्ष

मॅडम, आज परमँगनेटने तापवून एकूण क्रोमियम मोजला. तुम्ही सांगितला तोच जांभळा रंग आला. मार्गदर्शकांना सांगितले आणि आता प्रबंधात दोन्ही आकडे येतील. आणखी काय पडताळून पाहावे?

सूरसागरकाठ

शाब्बास. हे मार्गदर्शकांना सांगायला धैर्य लागते, याची मला कल्पना आहे.

दोन रिकामे प्रयोग जोडीला ठेव. एकात पूड न घालता केवळ क्रोमियमचे पाणी त्याच बाटलीत, तितकाच वेळ हलवून गाळून मोज. बाटली आणि गाळणकागद स्वतःही धातू धरतात, विशेषतः कागद, कारण तोही सेल्युलोजच. दुसऱ्यात क्रोमियम न घालता केवळ पूड आणि आम्लयुक्त पाणी; सालीतून काय काय उतरते ते त्यातून कळेल. उतरलेल्या टॅनिनचा तपकिरी रंग ५४० नॅनोमीटरवर थोडा उजेड खातो, तेवढी वजाबाकी करावी लागेल. आणि शेवटची एक मालिका ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी खऱ्या बोरच्या पाण्यात कर, पीएच जसा असेल तसा ठेवून. आकडे पडतील. पडू देत, तसेच छाप.

तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी शिशावर किंवा निकेलवर काम करत असेल तर तिला सांग, पीएच ७ च्या वर नेऊन ‘अधिशोषण वाढले’ असे लिहू नये. तिथे दाट द्रावणातला धातू पुडीशिवायही साका होऊन बसतो आणि गाळणकागदावर अडकतो. त्याचे श्रेय पुडीला देणे बरोबर नाही.

बोरचे पाणी

ताई, काल नमुना देऊन आलो. बाटली त्यांनीच दिली, आम्ल घातलेली. शिसे ग्रॅफाइट भट्टीवर मोजणार असे म्हणाले. अहवाल यायला आठवडा लागेल. तोवर पाणी उकळून प्यावे का? मुलांच्या आंघोळीचे काय?

सूरसागरकाठ

उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटले की धातूचे प्रमाण किंचित वाढते. या आठवड्यात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ग्रामपंचायतीच्या नळाचे किंवा दुसऱ्या ठिकाणचे खात्रीचे पाणी आणा. डाळ-भात शिजवताना भांड्यातले सारे पाणी अन्नात मुरते, म्हणून स्वयंपाकाचे पाणी पिण्याच्या पाण्याइतकेच महत्त्वाचे धरा. आंघोळीतून हे धातू कातडीवाटे फारसे आत जात नाहीत, तेवढ्यापुरते बोरचे पाणी वापरायला हरकत नाही. लहानग्यांनी ते गिळू नये एवढे पाहा.

धातू निघालाच, तर घरासाठी आरओ हा आजच्या घडीला अधिक भरवशाचा उपाय आहे, त्याच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात तो धातू एकवटलेला असतो हे लक्षात ठेवून. ते पाणी भाजीच्या वाफ्यांना घालू नका. वाळवलेली केळीची पूड कोरड्या डब्यात तशीच राहू द्या, या मुलीच्या प्रयोगाला ती उपयोगी पडेल. अहवाल आला की शिसे, कॅडमियम, निकेल, एकूण क्रोमियम, लोह आणि पाण्याचा कठीणपणा हे सहा आकडे इथेच लिहा, मग आपण पुढचे पाहू.